डेसकाका जेवत नाहीत

मंगळवार, १२ नोव्हेंबर

रोज म्हणते आज लिहीन, आणि रोज दुसरंच काहीतरी काढते. मोजे धुते, समोरच्यांचं कुत्रं फिरवून आणते, स्पेनमधले टोमॅटोच्या शेतातले फोटो बघत बसते. खरं कारण एवढंच की लिहिलं की ते खरं होऊन बसेल. बरं — लिहिते. डेसकाका जेवत नाहीत.

चहा घेतात. पाणी घेतात. ताट पुढे केलं की हात आडवा. चिडून नाही, अगदी सभ्यपणे. जसं काही आपणच चुकीच्या वेळी वाढलंय.

मी दोन दिवसांसाठी इथे थॉर्नशॉला, आत्याच्या गावी, आले होते. बॅग अजून दारामागे तशीच उघडी पडलीय. मॉरीन आत्या विचारत नाही कधी जाणार, मीही सांगत नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आत्याच्या आणि डेसकाकांच्या घरात एकच भिंत. त्यांची बायको शीलाकाकू गेल्या, मूलबाळ नाही, आणि काकांचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललंय. डॉक्टर म्हणतात, इतक्या वर्षांच्या रग्बीतल्या टकरी. तेव्हा डोक्याला मार बसला तर ओला स्पंज फिरवायचे आणि पुन्हा मैदानात ढकलायचे. आता माणसं ओळखू येत नाहीत. मीसुद्धा नाही! लहानपणी मागच्या गल्लीत कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांमधून मला हुलकावणी द्यायला शिकवणारा माणूस, आणि आता मला विचारतो, "तू नवी आहेस का बाळा?"

त्यांना सांभाळतात ते रग्बीवाले. आत्या काकांच्या जुन्या क्लबच्या चाहत्यांच्या मंडळाची सेक्रेटरी, त्यामुळे कोणी कधी यायचं ते ती ठरवते. सगळे क्लबचे हिरवे-पिवळे शर्ट घालून येतात, पोट सुटलेले, गुडघे गेलेले, आणि बसून मॅची सांगतात. डॉक्टरच म्हणाले होते ना, जुन्या आठवणी काढा.

सगळ्यात जास्त सांगतो तो रॉनी. खाणीत होता, खाण बंद झाल्यापासून डेसकाकांच्या आठवणी हाच त्याचा उद्योग. आज म्हणाला, "पोरी, तू बघितलंच नाहीस. सहा नंबरचा शर्ट, चेंडू काखेत. मी उजवीकडे चाललोय असं हा सगळ्या मैदानाला पटवायचा. आम्हाला, पंचाला, स्वतःच्या आईला. आणि निघून जायचा डावीकडून. समोरचे तेरा जण तिकडे मेंढरांसारखे, आणि हा पलीकडच्या रेषेवर चेंडू टेकवून उभा — ट्राय!"

मग सगळे गायला लागले. काकांचे डोळे चमकले, पाठ ताठ झाली. आत्याने तेवढ्यात मटणाची पाई पुढे केली. हात आडवा. "मॅचच्या आधी नाही."

सगळे पोट धरून हसले. जुना किस्साच आहे म्हणे. मॅचच्या दिवशी खेळ संपेपर्यंत डेस घासही खायचा नाही, रिकाम्या पोटी पाय हलके राहतात म्हणून. रॉनीने डोळे पुसले. बघा, म्हणाला, सगळं विसरला पण हे विसरला नाही.

मीही हसले.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

नर्स कॅथ येऊन गेली. काकांचा दंड धरून बघितला, तिची बोटं एकमेकांना टेकली. स्वयंपाकघरात आत्याला हळू आवाजात सांगत होती, पण भिंती कुठे जाड आहेत. पंचवीस तारखेच्या सोमवारपर्यंत खाणं सुरू झालं नाही तर हॉस्पिटलची गाडी बोलवावी लागेल. तिथे नळी घालतील. आणि या वयाचा, या डोक्याचा माणूस नळी उपटणार, मग हात बांधणार… आत्या कपबशा धूत राहिली. त्याच दोन कपबशा.

रविवार, १७ नोव्हेंबर

बाहेर पाऊस. मंडळाचे सगळे कोणाच्या तरी नातवाच्या बारशाला गेलेले, म्हणून काकांजवळ मी एकटी. अंगात माझा तो विटका स्वेटर. मला रग्बीतलं काही सांगता येत नाही, म्हणून स्पेनचं सांगत बसले — टोमॅटो, उकाडा, पगार बुडवणारा तो मालक, त्याची म्हातारी आई मला चोरून पाव द्यायची ते. बोलता बोलता मी टोस्ट खात होते.

काकांनी हात पुढे केला. टोस्ट घेतला. आणि खाल्ला!

अर्धा टोस्ट झाला असेल, तेवढ्यात मागच्या दारातून बारशाहून परतलेला रॉनी आला, क्लबचा शर्ट घातलेला, गाणं गुणगुणत. काकांनी त्याच्याकडे बघितलं. खिडकीतून पावसाकडे बघितलं. तोंडातला घास हातात काढून बशीत ठेवला.

"मॅचच्या आधी नाही."

अरे देवा, आपणच करतोय हे! हे शर्ट, ही गाणी, त्यानेच त्यांना रोज मॅच आहे असं वाटतं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आत्याला सांगितलं. तिने आधी ऐकूनच घेतलं नाही. मग ऐकलं तेव्हा खुर्चीत बसली. रॉनी मात्र भडकला. चार दिवस आलेली पोर, कुठे एका जागी टिकत नाही, ती आम्हाला शिकवणार डेसचं काय करायचं ते? आम्ही त्याला उपाशी मारतोय म्हणतेस?

मी म्हटलं हो.

तो निघून गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आजपासून शर्ट बंद, गाणी बंद, मॅचीचा विषय बंद. आत्याने सगळ्यांना फोन केले. आले बिचारे, साध्या कपड्यांत, ओळखू येईनात. बोलायला काही नाही कोणाकडे! हवापाण्याचं बोलले, कंबरदुखीचं बोलले. एकाने जिभेवर आलेली एक ट्राय गिळली, ठसका लागला त्याला.

पण उपयोग नाही. काकांच्या डोक्यातून मॅच जाईचना. गेल्या आठवड्यापासून ती चालूच आहे. आता खेळ उन्हाळ्यात होतो, त्यांच्या काळी हिवाळ्यात व्हायचा. बाहेर थंडी, चिखल, करडं आभाळ — त्यांच्यासाठी रोजच मॅचचा दिवस. सकाळी बूट मागून घेतले. नाड्या दुहेरी बांधल्या, बोटं इतकी थरथरत होती तरी. मी ते बघून बाहेर गल्लीत जाऊन उभी राहिले.

बुधवार, २० नोव्हेंबर

रॉनी परत आला. माफी वगैरे नाही. खिशातून शिट्टी काढली, पोरांच्या कोचकडून मागून आणलेली. म्हणाला, मॅच डोक्यातून जात नाही ना, मग संपवू या.

खोलीच्या मधोमध उभा राहून अशी लांब शिट्टी मारली की समोरचं कुत्रं भुंकायला लागलं. काका खाली वाकले, दोन्ही हात गुडघ्यांवर, धापा टाकत. मग म्हणाले, "हाफटाइम."

आत्या धावली आणि संत्र्याच्या फोडी घेऊन आली, तेव्हा हाफटाइमला तेच द्यायचे. काकांनी दोन फोडी चोखल्या. दोन! आत्या रडायला लागली. मला तर नाचावंसं वाटलं.

थोड्या वेळाने रॉनीने दुसरी शिट्टी मारली. संपली मॅच, जिंकलो आपण. काका उठले, आम्हा सगळ्यांच्या पाठीवर थाप मारली, येऊन जेवणाच्या टेबलापाशी उभे राहिले. पाई गरम होती. वाटाणे गरम होते. सगळं पुढे होतं.

बसेनात.

"ते आले का?" काकांनी विचारलं.

कोण ते, आत्या म्हणाली.

"ॲकरबीवाले. पाहुण्यांच्या आधी आपण कसं बसायचं, मॉरीन?"

तिचं नाव घेतलं त्यांनी! तिला ते कळलंसुद्धा नाही. मग रॉनीने सांगितलं — आठ मैलांवरच्या ॲकरबीशी हाडवैर, मैदानात दात पाडायचे एकमेकांचे, पण मॅचनंतर दोन्ही संघ क्लबात एकाच टेबलावर जेवायचे. बाहेरून आलेल्यांना आधी वाढायचं. ते बसल्याशिवाय यजमानांनी चमचा उचलायचा नाही.

काका उभेच राहिले. पाय थरथरायला लागले तेव्हा आम्ही धरून पलंगावर नेलं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आत्याला म्हटलं, ॲकरबीचा माणूस आणू. तिचा चेहरा बघायला हवा होता. बर्नी हॅकेट नावाचा त्यांचा खेळाडू होता. त्यानेच शिट्टी झाल्यावर काकांचा गुडघा फोडला, खेळ संपवला काकांचा. तेव्हापासून आत्याने ॲकरबीच्या बेकरीचा पावसुद्धा घरात आणलेला नाही. "त्या गावचं माणूस या गल्लीत? मी मेल्यावर."

तुझ्याआधी काका जातील, मी म्हटलं.

वाईट बोलले. पण बोलले.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

तिला न सांगता बसने ॲकरबीला गेले. मध्येच उतरून कालव्यावरची बदकं बघत बसले थोडा वेळ, म्हणजे भीती वाटत होती म्हणून. मग गेले त्यांच्या क्लबात. मरून रंगाच्या भिंती, तसलीच म्हातारी माणसं, तसलीच पोटं. थॉर्नशॉची आहे म्हटल्यावर एक जण म्हणाला, दार उघडं ठेवा रे, वास जाऊ दे.

मी बर्नी हॅकेटबद्दल विचारलं. बारवाला म्हणाला, बर्नी वारला, ईस्टरला.

मग तिथेच उभं राहून सगळं सांगून टाकलं. टोस्ट, शिट्टी, संत्र्याच्या फोडी, उभे राहिलेले काका. कोणी हसलं नाही. एक म्हातारा ग्लासकडे बघत म्हणाला, "डेस गारसाइड. आमच्याविरुद्ध एका दुपारी तीन ट्राय. मी घरी जाऊन कुत्र्याला लाथ मारली होती." दुसरा म्हणाला चार. वाद झाला. तिसऱ्याने टेबलावर मिठाची डबी, बिअरचे ग्लास मांडून दाखवलं कसा गेला होता तो मधून. आमच्या लोकांपेक्षा नीट आठवत होतं त्यांना!

पण येणार का, म्हटल्यावर सगळे इकडेतिकडे बघायला लागले. खेळाडू उरला नाही कोणी. आम्ही प्रेक्षक, आम्हाला कोण पाहुणा म्हणणार. शिवाय तुमच्या गावात आमची गाडी लावली तर काचा राहत नाहीत.

परतीच्या बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने पुदिन्याची गोळी दिली.

शनिवार, २३ नोव्हेंबर

काकांना आता उठवत नाही. ओठ कापसाने ओले करतो. बूट मात्र काढू देत नाहीत.

रविवार, २४ नोव्हेंबर

रॉनीने शेवटचा उपाय केला. कुठून तरी मरून शर्ट पैदा केला — रॉनीने! हयातभर ज्याने तो रंग गाडीच्या सीटलासुद्धा चालू दिला नाही. घातला, दारातून आत आला, घसा साफ करून म्हणाला, आम्ही आलो, ॲकरबीवाले.

काकांनी खूप वेळ बघितलं. मग अगदी क्षीण आवाजात —

"रॉनी. काय रे हे? लाज वाटत नाही तुला?"

वर्षभरात पहिल्यांदा त्याला ओळखलं. रॉनी शर्ट डोक्यावरून काढता काढता तिथेच अडकला, तोंड आत, आणि आतूनच हुंदके देत राहिला. आम्ही दोघींनी मिळून त्याला सोडवलं.

गाडी उद्या सकाळी. आत्याने काकांची बॅग भरली. पायजमे, दाढीचं सामान, शीलाकाकूंचा फोटो. माझ्या बॅगेशेजारी दारामागे ठेवलीय. मला त्या दोन बॅगांकडे बघवत नाही. पळून जावंसं वाटतंय, नेहमीसारखं. नाही जाणार.

सोमवार, २५ नोव्हेंबर, सकाळ

गाडी थांबल्याचा आवाज आला. आत्या बॅग घेऊन दाराकडे गेली. मी पलंगाजवळ, काकांचा हात धरून, रॉनी पायथ्याशी. उघडं दार तिथून दिसत होतं.

हॉस्पिटलची गाडी नव्हती. टॅक्सी. तिच्यातून एक म्हातारी उतरली, काठी टेकत, अंगावर पुरुषाचा मरून ब्लेझर, खांद्यांवरून ओघळणारा. क्लबातल्या लोकांनी सांगितलं म्हणाली. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. मला वाटलं आत्या दार लावणार.

"मी बर्नी हॅकेटची बायको. त्याला यायचं होतं, फार वर्षं यायचं होतं. धीर झाला नाही. त्याच्या वाटचं मी जेवते. कुठे बसू?"

काकांची बोटं माझ्या हातात हलली. "कोण आलंय?"

आत्याने बॅग खाली ठेवली.

"पाहुणे," ती म्हणाली.

हे लिहितेय स्वयंपाकघरात, ओट्याशी उभं राहून, पाई गरम होईपर्यंत. आतून आवाज येतोय — काका रॉनीला सांगतायत, मला उठव, खुर्चीत बसव.