राजाची आठ पावलं

२ ऑक्टोबर २०२५, दसरा
सुट्टी. श्रीखंड. मुहूर्तावर निश्चय: चेन्नईला बदली होऊन सहा वर्षं झाली, पण इथला डान्स सीन आपण एक्सप्लोर केलेला नाही. दिवसभर ओरगडमच्या कारखान्यात गिअरबॉक्स तपासायचे आणि वेलचेरीला घरी येऊन झोपायचं, हे काय आयुष्य आहे? क्षमा आल्यापासून सकवारबाईंकडे भरतनाट्यम शिकते. तिला म्हटलं, आता मीही नाचणार. बायकोला श्रीखंडाचा ठसका लागला. आनंदानं असावं.

५ ऑक्टोबर, रविवार
पद्धतशीर सुरुवात. साल्साची डेमो बॅच. सगळी पंचविशीतली पोरं. माझ्या वाट्याला पार्टनर आली नाही, खांब आला. खांबाशी छान जमत होतं. तेवढ्यात इन्स्ट्रक्टरनं विचारलं, अंकल, मुलीला सोडायला आलात का? साल्सा आपल्या संस्कृतीत बसत नाही. रद्द.

११ ऑक्टोबर
झुंबा. रद्द. कारण: कंबर.

१२ ऑक्टोबर
कंबर शेकता शेकता वाचन. मोठा शोध: भरतनाट्यमला तंजावरच्या मराठे राजांचा आश्रय होता. म्हणजे आपलेच लोक! ही कला माझ्या रक्तातच आहे, बाहेर काढणारं कुणी भेटलं नाही इतकंच. लगेच कराडला हंबीररावांना, म्हणजे क्षमाच्या भावाला, फोन. सांगून टाकलं की डिसेंबरच्या इथल्या संगीत-नृत्याच्या सीझनमध्ये मी स्टेजवर दिसेन. ते हसले. बराच वेळ हसले. मग म्हणाले, तारीख कळवा, सहकुटुंब येतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार
सकवारबाईंचा क्लास. बाई बहात्तर वर्षांच्या, तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी दोनशे वर्षांपूर्वीचं, मधे मधे तमिळ. म्हटलं, आपली कला शिकायला आलोय. त्यांनी बसायला सांगितलं. खुर्चीवर नव्हे, हवेतच, गुडघे बाहेर वाकवून अर्धवट. याला अरैमंडी म्हणतात. चाळीस सेकंद टिकलो. उठताना गुडघ्यातून जो आवाज आला, त्यानं शेजारच्या मुलीला फळी मोडल्यासारखं वाटलं. पहिल्या दिवसाच्या मानानं उत्तम.

२ नोव्हेंबर, रविवार
मैलापूरला एक कार्यक्रम पाहिला. मुलगी सुरेख नाचत होती, आणि अख्खा हॉल मान हलवत 'च्च च्च' करत होता. वाईट वाटलं. शेजारच्या खुर्चीवरच्या तमिळ मामींना म्हटलं, इतकंही काही वाईट नाही हो. त्या म्हणाल्या, ही आमच्याकडची दाद आहे.

९ नोव्हेंबर
क्लास. सकवारबाईंनी माझ्याकडे बघून चौदा वेळा 'च्च' केलं. क्षमाला दोनदाच. तिला मुद्दाम सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर
प्रमोशन! २८ डिसेंबरला सकाळी दहाच्या स्लॉटला बाईंचं नृत्यनाटक आहे. मराठा राजाची स्वारी जाते, नायिका त्याला बघते आणि झुरते. नायिका क्षमा. सहा वर्षांतली तिची पहिली मोठी भूमिका. राजा: अस्मादिक! बाई म्हणाल्या, मिशा बऱ्या आहेत. लोक दहा-दहा वर्षं घाम गाळतात, मी पाचव्या आठवड्यात डायरेक्ट हीरो. काम असं: आठ पावलांत स्टेज ओलांडून जायचं. पुढची वीस मिनिटं क्षमानं झुरायचं.

रात्री ती म्हणाली, "अहो, फक्त चाला. बाकी काही करू नका. हे मला नीट व्हायला हवंय."

नवख्या कलाकारांना असं टेन्शन येतंच. धीर दिला.

२३ नोव्हेंबर
उद्यापासून रोज पहाटे सहाला गच्चीत राजासारखं चालणे.

२४ नोव्हेंबर
उद्यापासून.

१ डिसेंबर
पाऊस. पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. पॅन्ट दुमडून राजासारखं चालता येत नाही.

७ डिसेंबर, रविवार
रिहर्सल. आधी राजाच्या मनाचा सखोल विचार केला. समोर एवढी देखणी बाई असताना तो नाकासमोर कसा जाईल? म्हणून चौथ्या पावलाला थांबलो आणि मिशीला पीळ दिला. क्षमाचा ताल चुकला. बाईंनी काठी आपटली. कलेत मतभेद व्हायचेच.

२१ डिसेंबर
शेवटची रिहर्सल. सूचना तंतोतंत पाळली. चौथ्या पावलाला अजिबात थांबलो नाही. सहाव्याला थांबलो आणि अरैमंडीत बसून दाखवलं, म्हणजे रसिकांना तयारी कळावी. मग उठता येईना. क्षमाला मला वळसा घालून झुरावं लागलं. मृदंगवाले एवढे हसले की मृदंग बंद पडला. ती आत निघून गेली. रडत होती असं कुणीतरी म्हणालं. मी खाली असल्यामुळे मला दिसलं नाही.

सकवारबाई अगदी शांत होत्या. "पोदुम्, बस्स झालें," त्या म्हणाल्या. "राजा नको. फेटा असला कीं पुरे. खुर्चीवर ठेवूं."

प्रयोगशील रंगभूमीवर असं करतात. पण हंबीररावांची तिकिटं निघालेली आहेत.

२७ डिसेंबर
हंबीरराव सहकुटुंब दाखल, सोबत अस्सल फेटा. बाईंच्या घरी तो बांधण्याचा कार्यक्रम. खुर्चीला डोकं नसतं, म्हणून हंबीररावांनी माझ्या डोक्यावर बांधला आणि अलगद उतरवून घेतला. तेव्हा आकार माझाच. बाईंनी हंबीररावांना शाल पांघरली. मला फिल्टर कॉफी.

२८ डिसेंबर, रविवार, दुपारी चार
झाला कार्यक्रम. मी तिसऱ्या रांगेत, शालीतल्या हंबीररावांच्या शेजारी. पडदा उघडला. एक खुर्ची, तिच्यावर फेटा, समोर क्षमा.

वीस मिनिटं तिनं त्या फेट्यावरची नजर काढली नाही. नाचताना, वळताना, पाठमोरी होतानासुद्धा मान वळवून तिकडेच. काय ते डोळे! ओढ, काळजी, आत्ता काहीतरी हातचं जाईल अशी भीती. हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. एकोणीस वर्षांत तिनं माझ्याकडे असं एकदाही बघितलेलं नाही. मला रडू आलं. खरंच आलं. हंबीररावांनी शालीचं टोक पुढे केलं. तिथेच ठरवलं, नाच बंद. बायकोला आपल्याकडे असं बघावंसं वाटेल, असा नवरा व्हायचं. आजपासून.

जेवताना हळूच विचारलं, तसं बघताना मनात मीच होतो ना?

"नाही हो," ती म्हणाली. "खुर्चीचा डावा पाय डुगडुगत होता. फेटा पडतोय की काय, सगळं लक्ष तिकडे."

खुर्ची आमच्याच घरातली. सकाळी मीच तपासून ओके केली होती.