केसांतला भुसा

अंधेरी, ८ नोव्हेंबर १९८६

प्रिय रत्ना,

तू कात्री खाली ठेवून "अडतीस!" म्हणून ओरडलीस, तिथंच माझं सगळं फिरलं. तुला वाटलं, मलाही तुझ्याइतकाच आनंद झालाय. मी घाबरलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा, यार.

तुझ्याच स्टुलावर बसून लिहितोय. टाइप केलेला शोधनिबंध आणायला तू चेंबूरला गेलीयस, पाचपर्यंत येशील, असं सांगून शिपाई दशरथमामांनी लॅब उघडून दिली. मामा अजून मला कॉलेजातलाच समजतात, चहा विचारतात. दिवाळीच्या सुट्टीतलं हे रिकामं कॉलेज बघवत नाही गं. दुसऱ्या वर्षाला त्या खिडकीजवळच्या बाकावर आपण दोघांत एक बेडूक चिरायचो. मग त्या डेमॉन्स्ट्रेटरनं माझ्या घाटकोपरच्या झोपडपट्टीच्या पत्त्यावरून सगळ्यांसमोर दात काढले आणि मी ट्रे त्याच्या पायांवर आपटला. तू म्हणालीस, एक सॉरी म्हण आणि ये परत. मी म्हणालो, मेलो तरी नाही. तू एम.एस्सी.ला गेलीस, मी भाऊरावांच्या हाताखाली वायरमन झालो.

पण वायरमनला छतं ठाऊक असतात. तुझ्या गाईड सरांनी तुला पाकोळ्यांचं काम दिलं, तेव्हा तुला मी आठवलो ते त्यामुळंच. मुठीत मावणारी ती वटवाघळं, दिसायला सगळी सारखी. पण घराणं एकच आहे की कधीकाळी फुटून दोन झालीत, हे डोळ्यांना कळत नाही. हाडातल्या पेशींची गुणसूत्रं मोजावी लागतात, हे तूच शिकवलंस. फोटो काढायचा, एकेक गुणसूत्र कात्रीनं कापायचं, जोडीला जोड लावून पुठ्ठ्यावर चिकटवायचं. मी म्हणायचो, आज कुणाचं लग्न लावतेस गं? तू म्हणायचीस, श्वास जपून घे, नवरदेव उडेल. त्या कामासाठी पाकोळी मारावी लागते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी तुला कितीतरी आणून दिल्या होत्या.

जानेवारीत तुला बोरिवलीच्या जंगलातल्या पडक्या चौकीतल्या दहा हव्या होत्या. एका जागेच्या एका पिशवीत, पिशवीला चिठ्ठी बांधलेली, हा सरांचा नियम. मी दहा आणल्या. चारांत छत्तीस निघाली, सहांत अडतीस. एकाच फटीत खेटून राहणाऱ्या, मध्ये ना खाडी ना डोंगर, तरी दोन वेगळ्या प्रजाती! सरांनी पेढे वाटले. मलाही एक दिलास. तो मी बाहेर जाऊन मामांच्या हातावर ठेवला.

जूनमध्ये वर्सोव्याच्या धक्क्यावर मी तुला विचारलं. नाही म्हणालीस ते ठीक. मला तसं माहीतच होतं. पण वर म्हणालीस, "जवळ राहिलं म्हणजे एक होता येतं असं नाही, सहदेव. तूच आणलेल्या पाकोळ्या बघ." समोर तो बर्फाचा बंद कारखाना होता. मला हसू फुटलं आणि तू चिडून निघून गेलीस. तेव्हाच बोललो असतो तर तुझं वाक्य तिथंच मोडलं असतं. जिभेवर आलं होतं गं. पण त्याबरोबर तुझं सगळं काम मोडलं असतं, म्हणून दात आवळले.

चौकीत चारच होत्या, रत्ना. बाकीच्या सहा त्या बर्फाच्या कारखान्यातल्या. बाहेर मासळी वाळवणारी चंपाबाई ओरडली होती, "कशाला नेतंस रं त्यांना? मच्छर खातान त्या!" मी ऐकलं नाही. सारख्याच तर दिसतात, म्हणत सगळ्या एका पिशवीत टाकल्या आणि बोरिवलीची चिठ्ठी बांधली. दहा मिळाल्या नाहीत म्हटलं असतं तर पुढच्या खेपेला तू दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं असतंस. आणि तुझ्याकडे यायला माझ्यापाशी पाकोळ्यांशिवाय दुसरं होतं काय?

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तुझी वही उघड. सहाजणींपुढे तू लिहिलंयस, 'केसांत भुसा'. तू विचारलंस तेव्हा, चौकीत लाकडं कापतात, असं मी ठोकून दिलं. तो बर्फ वितळू नये म्हणून लाद्यांवर टाकायचा भुसा होता. अडतीसवाल्या सहा त्याच आहेत. आत्ताच ताडून पाहिलं, एकही चुकत नाही.

उद्या सर तो निबंध घेऊन बंगळूरच्या परिषदेला निघतायत, म्हणून हे पत्र. भर सभेत कुणी चूक दाखवली तर खाली मान तुझी जाईल. रागव, शिव्या दे, पण निबंध थांबव. तुझं उत्तर बदलावं म्हणून लिहीत नाहीये. बोरिवली कुठं, वर्सोवा कुठं. त्या वेगळ्या निघाल्या यात नवल काय? त्या कधी जवळ राहिल्याच नव्हत्या. आपण राहिलो होतो. मला आता छपरं दाखवायला बोलावू नकोस, मी येणार नाही. तेव्हा तू एक सॉरी म्हण म्हणाली होतीस ना? तीन वर्षं उशिरा म्हणतोय, पण त्या डेमॉन्स्ट्रेटरला नाही, तुला. सॉरी, रत्ना. पत्र वहीत ठेवलंय, भुशाच्याच पानावर. टेबलावर तुझ्या जोड्या अर्धवट लावलेल्या आहेत, उडू नयेत म्हणून पंखा बंद केलाय. चार वाजले. निघतो, दार हळूच ओढून घेतो.

तुझाच,
सहदेव