धरणाला दिलेलं मत

राजधानीतून, ४ मार्च १९२६

लाडके लुएला,

माझा खोकला थांबलाय, जेवणही वेळेवर होतं. तुझ्या बाबांचे गुडघे आता कसे आहेत?

आज धरणाच्या ठरावावर मतदान झालं. आमच्या पक्षाचा म्होरक्या हार्लन कानाशी येऊन म्हणाला, "ओरिन, हात वर कर, नाहीतर गावी जाऊन पुन्हा कुंपणांचे खटले लढ."

मी हात वर केला. ठराव एका मतानं मंजूर झाला.

आपली सगळी दरी पाण्याखाली जाणार. वकील म्हणून ज्यांनी माझ्यावर भरवसा टाकला, मग निवडून इथं धाडलं, त्यांचीच घरं. बाबांचं शेतही, आणि तुझ्या आईची कबरसुद्धा.

वर्तमानपत्र तिकडे शनिवारी पोचेल. मी शुक्रवारच्या गाडीनं येतोय. तोवर बाबांना काही बोलू नकोस, मीच सांगेन.

स्टेशनवर तू तरी येशील ना?

अजून तुझाच,
ओरिन