कनातीबाहेरचं हसू

अमळनेर,
१८ मार्च १९७५

प्रिय तोता,

तुझं पत्र पोचलं. टीव्हीचं काम सोडून आखाजीच्या सणाला कायमचा घरी येतोस म्हणे. मी ते मायला वाचून दाखवलं. ती शेंगा निवडत राहिली. अशी ती कामात डोकं घालून बसली की तिच्या मनात काहीतरी शिजत असतं, हे तुला सांगायला नको.

झुलालकाकांनी तुला काय लिहिलं असेल ते मी न वाचताही सांगेन. पुण्याला जावयाकडे सबंध कार्यक्रम डोळे फाडून बघितला, पण आपला तोताराम कुठेच दिसला नाही, असं ते आल्यापासून गल्लीभर सांगत सुटलेत. कॅमेरा सुरू होण्याआधी समोरच्या प्रेक्षकांना हसवून मोकळं करायचं आणि मग आपण कॅमेऱ्यामागे उभं राहून त्यांना हसतं ठेवायचं, ही नोकरी त्यांच्या डोक्यात कशी शिरावी? दिसत नाही तो कसला नट, म्हणतात. आणि तूही असा खुळा, की ते मनाला लावून घेतलंस.

अरे, हे काम तू काय आज करतोयस? जत्रेतल्या नाटकाचा राजा आत मिशी चिकटवत बसायचा, बाहेर लोक शिट्ट्या मारायचे, आणि पडद्यापुढे तू एकटा. बायकांतला सगळ्यात आंबट चेहरा हुडकून तू तिच्याशीच बोलायला लागायचास. सुनेची चौकशी, म्हशीची चौकशी. ती फिसकन हसली की बाकीच्या बायका, मग पुरुष, मग सगळा तंबू. धुळ्याला ऑर्केस्ट्राच्या वेळी वीज गेली, तेव्हा कंदील येईपर्यंत अंधारात एवढी माणसं तू नुसत्या बोलण्यावर बसवून ठेवलीस. एक उठला नाही. त्या दिवशी मी ओळख ना देख अशा बायकांनाही सांगत होते, हा माझा भाऊ आहे.

गेल्या आठवड्यात मायनं हट्टच धरला, मला पुण्याला ने. आत्याच्या सुकदेवच्या शेजारी टीव्ही आहे, तिथे जाऊन बसलो. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक लागलेलं. तू कॅमेऱ्यामागे असतोस हे ठाऊक असूनही तुला शोधून शोधून मी रडकुंडीला आले. माय मात्र पडद्याकडे बघतच नव्हती; भिंतीला टेकून, मान खाली घालून बसलेली. टीव्हीतल्या नाटकाच्या प्रेक्षकांत कुणी बाई फिसकन हसली, तशी तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. म्हणाली, "आते बठ्ठा हासतीन, देख." आणि हसले की रे सगळे. मग भरल्या खोलीत ती मोठ्यानं बोलली, "हाऊ मना तोता शे."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. तू तंबूत असताना ती आत कधी होती? सगळी वर्षं कनातीबाहेर शेंगांची टोपली घेऊन बसायची. तुझं एकही काम तिनं डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आतलं हसू ऐकूनच तिला कळायचं, आज पोराचं जमलं की नाही.

आज सकाळी शेंगांचं सूप बाजूला सारून तिनंच मला लिहायला बसवलं. झुलालकाकांना तिनं परस्पर उत्तर दिलंय, ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. तुला निरोप एवढाच आहे. आखाजीला ये, तिच्या हातचे खापरावरचे मांडे खा. पण वळकटी तिथेच राहू दे. चार दिवसांच्या कपड्यांची पिशवी पुरे.

तुझीच,
कमलअक्का