सॉनाला नको म्हणालीस तेव्हा

कुओपिओ, ९ ऑक्टोबर

प्रिय रायलीताई,

तुझं पत्र पोचलं. बटाटे काढून झाले हे वाचून बरं वाटलं. माझे गुडघे कुरकुरतात, पण जिना चढते. इथे सकाळी गवतावर पांढरं पडायला लागलंय.

निवारा भरलाय, ताई. घरातल्या माणसाच्या मारातून सुटून आलेल्या बाया, त्यांची पोरं; एकीला तर शिवणाच्या खोलीत गादी घालून दिली. मी लापशी ढवळते, चादरी बदलते, फोन घेते, आणि संध्याकाळी बूट काढायलाही वाकवत नाही. एवढी दमणूक पूर्वी होत नव्हती.

तू विचारलंस, मिर्वा तुमच्याकडे आहे का, नुसतं हो की नाही एवढंच कळव. ताई, सून तुझी असली तरी मला ते सांगता येत नाही. आमच्याकडे नवऱ्याला, आईला, अगदी पाद्रीबुवांनाही एकच उत्तर: कोण आहे ते सांगत नाही, कोण नाही तेही सांगत नाही. माझ्याबरोबर काम करणारी ओर्वोक्की म्हणते, "हिल्का, तू मेलीस की तुझ्या थडग्यावर लिहू, आत आहे की नाही सांगता येत नाही!"

तुझ्या आर्तोनेही फोन केला होता. आधी विमा कंपनीचा माणूस झाला. मी म्हटलं, "आर्तो, तू बोबडा होतास तेव्हापासून तुझा आवाज ओळखते मी."

"मावशी, मग हो म्हण नाहीतर नाही म्हण. त्यात काय जीव जातो?"

"कधी कधी जातो, बाळा."

"आईला बरं वाटत नाहीये. तिच्यासाठी तरी सांग."

"तिला फोन दे बघू."

त्यावर त्याने फोन आपटला. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

जूनमध्ये युहान्नुसच्या सणाला मी तुझ्याकडे आले होते. तू वाफ घ्यायला अंगणातला सॉना तापवलास, अंगावर आपटायला बर्चच्या डहाळ्यांची जुडी बांधून ठेवलीस, आणि ऐन वेळी म्हणालीस, "तू जा गं, मला आता वाफ सोसत नाही." लहानपणापासून आपण एकमेकींच्या पाठी चोळत आलो. आईला पोचवून आलो त्या संध्याकाळीसुद्धा दोघी एकाच बाकावर बसलो होतो. मी एकटीच आत बसले आणि मनात धरलं की मिर्वा घर सोडून गेली त्याचा राग तू माझ्यावर काढतेयस. मीही फुगूनच परत आले.

आमच्या निवाऱ्यात गुरुवारी सॉना तापतो. नवी आलेली बाई कधी कपडे उतरवून आत येत नाही. सर्दी आहे म्हणते, पोर किरकिरतंय म्हणते. आम्ही आग्रह करत नाही. अंगावरचे वळ फिके झाले की ती आपणहून टॉवेल घेऊन येते. इतकी वर्षं मी हे बघतेय. पण आपल्या माणसाच्या बाबतीत डोळे कुठे जातात कोण जाणे. गेल्या गुरुवारी एक बाई, आपल्याच वयाची, दारात थबकली आणि म्हणाली, "मला आता वाफ सोसत नाही." माझ्या हातातली बादली तशीच राहिली.

ताई, पत्रात तळघराच्या पायऱ्यांवरून पडले म्हणतेस. आपल्या तळघराला पायऱ्या कुठे आहेत? उतार आहे. मिर्वा गेल्यापासून आर्तो तुझ्याकडे राहतोय. आणि तुझं अक्षर डाव्या हाताचं आहे.

तो तुला मारतो. लिहिलं एकदाचं.

तू म्हणशील, पोटचा आहे. माझ्याही मांडीवर खेळलाय तो. पायाला स्की बांधून पहिल्यांदा टेकडीवर त्याला मीच नेलं. त्याच्यावरची माया सोड असं मी म्हणत नाही. पण ती माया तुझ्या पाठीवर पडणारा हात थांबवत नाही गं.

हे पत्र टपालाने पाठवत नाही, दारातला पत्रांचा डबा आर्तो उघडतो. फिरत्या वाचनालयाची बस चालवणारी टाइमी ते तुझ्या पुस्तकात घालून देईल. त्या बसमध्ये आर्तोने कधी पाऊल टाकलेलं नाही. वाचलंस की चुलीत घाल. मंगळवारी बस दुधाचे कॅन ठेवायच्या जुन्या कट्ट्यापाशी थांबेल तेव्हा पुस्तकं परत करायला म्हणून चढ, आणि उतरू नकोस. चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या घे, बाकी काही नको. मुस्तीलाही आण. टाइमी त्याला आपल्या घरी ठेवेल, मी विचारलंय. कुत्र्यापायी तुझा पाय अडेल हे मला ठाऊक आहे. कुठल्या गावच्या निवाऱ्यात जायचं ते कागदावर लिहीत नाही. तिथे पोलिसात जा म्हणून कुणी तुझ्या मागे लागणार नाही. नाव सांगितलं नाहीस तरी खोली मिळते.

इतक्या बायांना दार उघडलं, पण हे पत्र तीनदा फाडून पुन्हा लिहिलं.

या मंगळवारी पाऊल उचललं नाही, तर बस पुढेही येत राहील. मी रुसणार नाही. पण मी थकलेय, ताई, आणि वाट बघण्याइतकं थकवणारं काम दुसरं नाही.

उत्तर लिहू नकोस. ये.

तुझी धाकटी,
हिल्का