नापास तबकड्यांची वारस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्वी गाण्यांच्या तबकड्यांच्या कारखान्यात तपासनीस, हल्ली घरीच, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर मी तो जुमानला नसता, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझ्या गुडघ्यांचा आणि मोतीबिंदूचा उल्लेख आहे, कानांचा नाही. तरी नोंद घ्यावी की कान ठणठणीत आहेत. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात तबकड्या वाचनालयाला दिल्या होत्या, ते मी रद्द करते. वाचनालयाने त्या तळघरात ठेवू असे कळवले होते.

१. राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, तसेच बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावी. मुलगा गुणी आहे, मला कधी उलटून बोलला नाही. फक्त माझ्या तबकड्यांना तो अडगळ म्हणतो. गेल्या महिन्यात मला न विचारता तो जुन्या रेकॉर्डच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आला. त्या गृहस्थांनी नाकाने कांदे सोलत चारशे बारा तबकड्यांतल्या अकरा बाजूला काढल्या आणि बाकीच्या भंगारात घाला म्हणाले. माझ्या माघारी तसं होऊ नये, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

२. धाकट्या बहिणीला शिवणयंत्र, आईची शाल आणि ती वाकडी तबकडी द्यावी. पस्तीस वर्षांपूर्वी तिने माझ्या टेबलावरच्या तबकडीवर गरम पातेलं ठेवलं होतं आणि वर "मला वाटलं, त्यासाठीच ठेवली आहेस" असं म्हणाली होती. तबकडीची वाटी झाली. मी तिला त्याच दिवशी माफ केलं, असं ती सगळ्यांना सांगते. केलं नव्हतं. आता केलं. तिने त्या वाटीत किल्ल्या ठेवाव्यात.

३. वकीलसाहेबांना मालमत्तेचे वर्णन हवे आहे, ते असे. सात इंची तबकड्या, नग चारशे बारा, सगळ्या सोल आणि रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे ठेक्यावर डुलत काळजातून गायच्या इंग्रजी गाण्यांच्या, सगळ्यांवर खडूची फुली. साच्यातून निघालेल्या मालातली दर पन्नासावी तबकडी माझ्या टेबलावर यायची. मी हेडफोन लावून खरखर, घरघर, टिकटिक शोधायची. दोष सापडला की फुली मारायची. तो माल वितळवायला जायचा आणि फुलीची तबकडी हवी तर घरी न्यायला मुभा असायची. गाणं मात्र ऐकायचं नाही. गाणं ऐकलं की दोष सुटतो, असं मुकादम रोज बजावायचे. म्हणून गाणी मी घरी आणून ऐकली. कारखान्यात मला कानसेन म्हणायचे, काही कौतुकाने, काही कुत्सितपणे.

आपल्याच शहरातल्या या गायकांना कोणी ओळखत नाही. कोणी बस धुवायचा, कोणी इस्पितळात चादरी बदलायची. एक तबकडी निघायची, खपायची नाही, की परत कामावर. पण पहिली बाजू ऐकून मत बनवू नये. पहिल्या बाजूवर कंपनीचं लक्ष, त्यामुळे सगळे शहाण्यासारखे वाजवतात. दुसरी बाजू स्टुडिओच्या उरलेल्या अर्ध्या तासात उरकलेली असते. तिथे बास गिटारवाला मोकळा सुटतो, ट्रम्पेट जरा बेसूर होतो, मागे साथीला गाणाऱ्या तिघी शेजारणींसारख्या हो ला हो करतात आणि गाणारा रडायला लाजत नाही. मला आयुष्यात एवढा आनंद दुसऱ्या कशाने दिला नाही. नवऱ्याला हे माहीत होतं, त्याने कधी मनाला लावून घेतलं नाही.

४. आता माझी चूक. त्रेपन्न वर्षांपूर्वी एका बाईच्या गाण्याची दुसरी बाजू तपासत होते. दुसऱ्या कडव्यात ती तालाच्या मागून येते, इतकी मागून की वाटतं आता चुकलीच, आणि नेमकी पोचते. मी गालाला हात लावून ऐकत बसले आणि माल पास केला. त्याच कडव्यात टिकटिक होती, भिंतीवरच्या घड्याळाइतकी स्पष्ट. सगळा माल दुकानांतून परत आला, त्यातली एक तबकडी फुली मारून मी घरी आणली, बाकीचा वितळला आणि कंपनीने ती तबकडी पुन्हा काढलीच नाही. मला सहा महिने पॅकिंगला बसवलं, ते रास्तच होतं. परंतु त्या बाईचं पुढे एकही गाणं निघालं नाही.

मी विचारत विचारत तिच्याकडे गेले. ती लाँड्रीत इस्त्री करत होती. मी सगळं कबूल केलं. तिने इस्त्री उभी केली आणि विचारलं, "तुम्ही पूर्ण ऐकलंत?"

मी हो म्हटलं.

"मग एकीने तरी ऐकलं," असं म्हणून ती पुढच्या शर्टाकडे वळली. बाहेर येऊन मी खूप रडले.

५. यंदा मी ती तबकडी घरात एकेकाला ऐकवली. मुलगा मोबाइल बघत होता. बहीण गुडघ्याबद्दल बोलत होती; दोघींचेही गुडघे गेलेत, पण अडीच मिनिटं थांबता आलं असतं. सुनेला मी बोलावलंच नव्हतं. बावीस वर्षं आमचं मिठावरून, पडद्यांवरून आणि खिडकी उघडी ठेवण्यावरून वाजत आलं आहे. ती गोळ्या द्यायला आली, डबी हातात घेऊन दारात थांबली, मग पलंगाच्या कडेला टेकली. गाणं संपल्यावर म्हणाली, "आई, परत लावा ना."

मी परत लावलं. मग विचारलं, टिकटिक फार त्रास देते का?

"कुठली टिकटिक?"

सबब बहिणीची वाकडी सोडून सर्व तबकड्या, व्यापाऱ्याने काढलेल्या त्या अकरा धरून, तसेच ग्रामोफोन, सुया, ब्रश आणि माझे हेडफोन सुनेच्या एकटीच्या मालकीचे व्हावेत. मुलाचा त्यांवर हक्क राहणार नाही. तिने त्या पुसल्या नाहीत तरी चालेल, वाजवाव्यात. खिडकी तिला हवी तशी ठेवावी.

६. लाँड्रीतल्या त्या बाईला हे कळवायला गेले, तर ती चार वर्षांपूर्वीच वारल्याचं समजलं. म्हणून सरकारी शिक्क्याच्या या कागदावर, साक्षीदारांसमक्ष, लिहून ठेवते की तिचं गाणं आता दोघींनी पूर्ण ऐकलं आहे.

ठिकाण : राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, सकाळी अकरा

लिहून देणार : (सही) कानसेन

वरील मजकूर वाचून, बाईंनी आमच्यासमोर सही केल्यावर आम्ही सह्या केल्या :
साक्षीदार १ : (सही) वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर
साक्षीदार २ : (सही) पॅकिंग खात्यातली जुनी मैत्रीण