ड्रायव्हरकडची काच

६ फेब्रुवारी. सकाळ. उणे अठ्ठावीस.

गाडीची ड्रायव्हरकडची काच काल फुटली. थंडीत काच कमकुवत होते, हे उलानबातरमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी नुसतं ठोकलं. हातात चाकाचा पाना होता, एवढंच. दुलमा आत होती, चारही दारं लॉक करून. बायकोने नवऱ्याच्या तोंडावर लॉक लावावं का, हा खरा प्रश्न. पण तिच्या कानाला चार टाके पडले, त्यामुळे जो तो टाक्यांचंच बोलतो.

भांडण नोकरीवरून. फोरमनने मला पंधरा दिवस घरी बसवलंय. मी व्हॉल्व्ह त्याच्या दिशेने फेकला होता, त्याला मारला नव्हता. हा फरक दुलमाला समजत नाही. ती भावाकडे निघून गेली.

प्लॅन पक्का. काच स्वतः बसवायची. मी पाइपफिटर आहे, गॅरेजवाल्याचे पाय कशाला धरू? सोळाला त्सागान सार. नव्या वर्षाला आईच्या पाया पडायला दोघांनी जायचं, म्हणजे पंधराला दुलमाला ह्याच गाडीतून घरी आणायची. आणि रागवायचं नाही. तसा मी रागीट नाहीच.

७ फेब्रुवारी.

खिडकीला पॉलिथिन लावून सुट्या भागांच्या बाजारात गेलो. वाऱ्याने पॉलिथिन सारखं थोबाडीत मारत होतं. दोनदा सहन केलं. तिसऱ्यांदा मीही एक लगावली. फाटलं. पुढचे सहा किलोमीटर तसाच. खिडकीकडची भुवई वितळायला अर्धा तास लागला.

बाजारात माझ्या मॉडेलची एकच काच होती, आणि एका चष्मेवाल्याने तिच्यावर आधीच हात ठेवलेला. समजावून सांगितलं. मग त्याचा चष्मा पडला. मग माझा ओठ फुटला. दुकानवाल्या बाईने मध्ये पडून चहाचा थर्मास दोघांच्याही डोक्यात घातला, आधी त्याच्या. काच मला मिळाली. शांतपणे वागलं की कामं होतात.

९ फेब्रुवारी.

दाराचं आतलं पॅनेल काढलं. बारा क्लिपांनी बसवलेलं असतं. दहा तुटल्या. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं. हँडलमागे एक लपवलेला स्क्रू असतो. स्क्रू लपवणाऱ्याला समोर उभा करा, मग बोलू. ओढलं तर हँडल हातात आलं. दाराला लाथ घातली. दाराला पोचा, अंगठ्याचं नख काळं.

शेजारचा सांबू म्हातारा चाळीस वर्षं ट्रक चालवत होता, आता कुंपणावर हनुवटी टेकून लोकांची कामं बघतो. म्हणाला, "एनेबिश, आधी स्क्रू काढ, मग शिव्या दे. तू उलटं करतोयस."

स्क्रू-ड्रायव्हर कुंपणाच्या फळीत रुतला, त्याच्या टोपीपासून वीतभर लांब. फळीलाच मारला होता. म्हातारा घरात गेला. वयाबरोबर माणसं फार हळवी होतात.

दाराच्या पोकळीतून काचेचे तुकडे काढले. बादलीभर. काहींवर तिचं रक्त सुकलेलं. ते वेगळे काढून ठेवले, मग टाकून दिले. का ठेवले होते कोण जाणे.

११ फेब्रुवारी. दुपार.

मेव्हणा आला, चोइजिल. दुलमाचे कपडे न्यायला. पूर्वी कुस्ती खेळायचा, अजूनही दारातून तिरका आत येतो. मी बसा म्हटलं, चहा ओतला. तो तिच्या कपाटाकडे गेला तशी मी त्याची कॉलर धरली. बोलणं नीट ऐकू जावं म्हणून. पुढचं आठवतं ते अंगणातलं, बर्फात पालथा. छातीवर त्याचा गुडघा, दोन बरगड्यांचा आवाज.

तो ओरडलाही नाही. म्हणाला, "काल ती झोपेत टेबलाखाली जाऊन बसली होती. माझ्या घरात. आता मी उठतो, तू पडून राहा."

बॅग घेऊन गेला. मी पडून राहिलो, पण माझ्या मर्जीने.

नंतर काच फुटली. भिंतीला टेकवून ठेवली होती. पाय लागला. तीन-चारदा लागला.

१३ फेब्रुवारी.

पुन्हा बाजार. बरगड्यांमुळे शिंकता येत नाही, बाकी उत्तम. दुकानवाल्या बाईने गोदाम उपसून दुसरी काच काढली. पहिलीचं काय झालं विचारलं. वारा, म्हटलं. तिने माझे हात बघितले, ओठ बघितला. काच दोन गोधड्यांत गुंडाळत म्हणाली, "आमच्या घरीही असाच वारा होता. बारा वर्षं. मग मी हे दुकान टाकलं."

हवामानाचा आणि दुकानाचा काय संबंध, समजलं नाही. पण बाई चांगली.

१४ फेब्रुवारी.

बसली! सकाळी नऊ ते चार. लोखंडाला बोटांची सालं चिकटून राहिली. काच तिरकी करून दारात सोडायची, खालच्या पट्टीवर टेकवायची, दोन बोल्ट आवळायचे. संपूर्ण वेळात एकच फटका मारला, तोही स्वतःच्या मांडीला. बटण दाबलं. वर गेली. खाली आली. अकरा वेळा केलं. रबराला अशी घट्ट बसते की कंपनीने काय बसवली असेल. आतून दार बंद केलं तर रस्त्यावरचा कुत्रा भुंकतोय हे फक्त दिसतं.

हे बघून दुलमाला मानावंच लागेल. आंघोळ केली.

१५ फेब्रुवारी. संध्याकाळ.

चोइजिलच्या बिल्डिंगखाली गाडी उभी केली. दुलमा खाली आली. भावाचा कोट, डोक्याला स्कार्फ. मी काच खाली घेतली, सरर. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. कुठल्या क्लिपा, कुठला स्क्रू, सगळं. सांगितलं. ती ऐकत होती. घरी चल म्हटलं.

ती म्हणाली, "आधी काच वर कर. मग बोलते."

मी बटणाकडे हात नेला तशी ती दोन पावलं मागे सरली. बटणच होतं ते.

काच वर केली. मग ती जवळ आली, अगदी काचेला लागून, आणि बोलायला लागली. बराच वेळ. तिच्या वाफेने काच धुरकट होत होती, ती बाहीने पुसायची आणि पुन्हा बोलायची. एकदा रडली. इतकं सलग ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. आत हीटरच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. काच खाली घ्यावी तर ती थांबेल. मी मान हलवत राहिलो, हो म्हणून.

शेवटी तिनेही मान हलवली आणि वर गेली.

१६ फेब्रुवारी. त्सागान सार.

आईकडे एकटाच गेलो. आईने खिमा भरलेल्या बूझचं ताट पुढे केलं, शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि विचारलं, दुलमा काय म्हणाली?

सांगता येईना.